तोंडातून गेलें तें झालें

"आमच्या घरांत रुक्मा अर्धवट आहे," सेतुराव म्हणाले.

म्हणाले तेही कौतुकानं. 'आमची ही बी.ए. आहे' असं कुणी सांगावं, तसं. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. मी नुकताच बदलीवर कुंभकोणमला येऊन त्यांच्या शेजारी बिऱ्हाड केलं होतं, आणि 'पुण्याचे मराठी गृहस्थ' एवढ्या भांडवलावर पहिल्याच रविवारी मला कॉफीचं बोलावणं आलं होतं. घराच्या ओट्यावर आम्ही बसलो होतो. ओट्याला तिकडे तिण्णै म्हणतात.

"आणि हा रमणी," सेतुराव पुढे म्हणाले. "हा राक्षस."

राक्षसानं मला नमस्कार केला. रमणीची कोपऱ्यावर कॉफी-पुडीची गादी होती. माणूस इतका बारीक की त्याच्या सदऱ्यात आणखी एक रमणी आरामात राहिला असता.

मी आवाज खाली आणला. सेतुरावांच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "वाईट वाटून घेऊ नका. हल्ली यावर चांगली औषधं निघाली आहेत."

"कशावर?"

"वहिनींच्या... अर्धवटपणावर."

आत भांडं आदळलं आणि त्यामागोमाग रुक्माबाई बाहेर आल्या. ठणठणीत बाई, हातात वाफाळते पेले. "मज औषध? मी अर्धवट आहे तें माझ्या खुषीनें आहे. ह्यांस विचारा. अस्के गुण मी लपण्यांत घातले आहेत!"

'अस्के' म्हणजे सगळे. पण हे मला नंतर कळलं. त्या क्षणी एवढंच कळलं की आजार वाटला त्याहून पुढे गेला आहे.

मग खुलासा झाला. सेतुरावांच्या अमेरिकेतल्या भाच्यानं मामांना एक भली मोठी पेटी पाठवली होती. आत इंग्रजी पुस्तकं आणि फासे. चार बाजूंचे, आठ बाजूंचे, एक तर वीस बाजूंचा. कल्पनेतल्या मुलखात प्रत्येकानं एक जन्म घ्यायचा, आपल्या अंगचे गुण ठरवायचे आणि साहसाला निघायचं. एक जण सूत्रधार. तो समोर काय दिसतं ते सांगणार, बाकीचे आपण काय करतो ते सांगणार, आणि जमलं की नाही ते फासा सांगणार. सेतुराव सूत्रधार होते. पुस्तकातल्या साऱ्या जमातींना त्यांनी स्वतः मराठी नावं दिली होती. उंच, देखणे, टोकदार कानांचे आणि मरता न मरणारे ते गंधर्व. दाढीवाले, खाणी खणणारे ते खाणवाले. सुळेवाले ते राक्षस. आणि कमरेएवढ्या उंचीचे, चोरपावलांनी चालणारे जे लोक, ते मापानं अर्धे म्हणून अर्धवट. सेतुरावांचे पूर्वज मराठ्यांच्या राज्यात तंजावरकडे आले, तेव्हा हा शब्द बहुधा शहाणा असावा. वेडा तो पुढे आमच्याकडे झाला.

"तुम्हीहि या, पडके," सेतुराव म्हणाले.

माझं आडनाव फडके. पण तमिळ मुलखातल्या जिभेला 'फ' मानवत नाही. सेतुरावांच्या घरात मराठी अखंड टिकली होती, 'फ' तेवढा वाटेत सांडला होता. रमणी तर मला 'पडके सार' म्हणे. पहिल्या दिवशी मी दुरुस्ती केली. दुसऱ्या दिवशीही केली. मग ते नाव मला शोभेल असंच मी वागत गेलो.

सेतुराव कोर्टात स्टेनो होते. साक्षीदार बोलेल ते टिपून घ्यायचं, हा जन्मभराचा उद्योग. साक्षीदार मागाहून कितीही रडला, की साहेब, मला तसं म्हणायचं नव्हतं, तरी यांची पेन्सिल मागे जात नसे. तोच कायदा त्यांनी घरी लावला. "तोंडातून गेलें तें झालें," ते खेळ सुरू होण्यापूर्वी सांगत. दर वेळी सांगत. मग धोतराच्या सोग्यानं चष्मा पुसत, पानाच्या पितळी डब्यातून फासे काढत आणि तबकात टाकत. त्या फाशांना पानाचा आणि चुन्याचा वास येई. पितळेवर ते असे खणखणत की पलीकडच्या घरी रुखवत मांडताहेत असं वाटावं.

आणि फासा पडला, की चष्मा लावल्यावाचून आकडा सांगायचा नाही. डोळ्यांसमोर लख्ख दिसत असला तरी नाही. एकदा रमणीच्या राक्षसाचा जीव एका फाशावर आला. रमणीनं आधी तिरुवलंचुळीच्या पांढऱ्या विनायकाला नारळ बोलला. फासा पडला. सेतुरावांनी चष्मा लावला, वाकून पाहिलं आणि म्हणाले, "एक."

"एक नाही, अण्णा! सात आहे. नीट बघा!"

"एक."

"शेजारी म्हणून तरी सात म्हणा!"

"शेजारी म्हणून मी जास्तींत जास्त दुःख करीन. एक."

राक्षस मेला. रमणी उठून गेला, आणि दुसऱ्या दिवसापासून सेतुरावांकडे जी कॉफीची पूड आली तिच्यात चिकोरी इतकी होती, की कॉफी शोधायला माणूस लावावा लागला असता. कुंभकोणममध्ये एखाद्याच्या थोबाडीत मारली तर चालते, पण हे! रुक्माबाई संतापल्या. सेतुराव मात्र तो काढा रोज शेवटच्या थेंबापर्यंत पीत आणि म्हणत, "पासा खरा होता." शेवटी रमणीलाच ते पाहवेना. तो स्वतः ताजी पूड घेऊन आला आणि नवा जन्म मागू लागला. पुन्हा राक्षसाचाच.

नव्या माणसाला ते पहिल्याप्रथम सांगत, "आधीं जन्म घ्या, मग कापी घ्या."

मी अर्थात गंधर्वाचा जन्म मागितला.

"कशासाठीं?"

"देखणा असतो. बोलतो छान. वयाचं दिसत नाही."

सेतुरावांनी माझ्या टकलाकडे पाहिलं आणि 'गंधर्व' असं लिहून घेतलं. मग गुणांची वाटणी. जन्माबरोबर एक शिदोरी मिळते असं ते म्हणत, आणि ती जोर, अक्कल, रूप, वाणी अशी वाटून घ्यायची. पुस्तकात शरीराच्या टिकाऊपणाचं एक कलम होतं. ते खोडून त्यांनी तिथे 'हट्ट' लिहिलं होतं. "शरीर कोणाचें टिकलें आहे? टिकतो तो हट्ट," असं त्यांचं म्हणणं. मी सगळी शिदोरी रूप आणि वाणी यांत ओतली. अठरा आणि अठरा! नाव ठेवलं मदनविलास.

"अंगांत जोर तीन राहिला," सेतुराव हिशेब पाहून म्हणाले. "मांजरास चार असतो."

"जोर लागेल तिथे मी बोलून घेईन," मी म्हणालो.

रुक्माबाई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाल्या, "पुण्याचे आहेत. सांगायला नको."

त्या पुस्तकात अर्धे गंधर्व, अर्धे मानव अशीही एक जमात होती. ते पानच सेतुरावांनी डिंकानं चिकटवून टाकलं होतं. मी कारण विचारलं. "येथें अस्के विचारतात, तुम्ही तमिळ नाहीं? तुमच्या पुण्यास एकदां गेलों, तेथें विचारलें, मराठी कोठें शिकलांत? मी दोन्हीकडे अर्धा," ते म्हणाले. "माझ्या घरांत तरी कोणी अर्धा नको." मग जरा थांबून, "अर्धवट चालेल."

आता माझा पराक्रम.

सेतुरावांच्या कथेत किल्ले-बिल्ले नसत. कावेरीच्या काठानं जायचं, साक्कोट्टैच्या पुढे डावीकडे वळायचं, की डोंगर लागे. कुंभकोणमच्या आसपास डोंगर औषधालाही नाही, पण सेतुरावांनी एक आणून ठेवला होता. त्या डोंगरात दरी, दरीच्या कडेला गुहा, गुहेत खजिना. कित्येक रविवार चालून आम्ही तिथवर पोचलो होतो. रमणी जोडीला असल्यामुळे सेतुरावांची मराठी अधूनमधून तमिळमध्ये पाय भिजवून येई.

"गुहेच्या तोंडाशीं एक जुनी पाट्टी आहे," सेतुराव डोळे मिटून म्हणाले. "वांकली आहे. आंत जाऊं नका म्हणते."

आता मला सांगा. मी पुण्याचा. जुनी पाटी, वाकलेली, आत जाऊ नका म्हणते. माझ्या डोळ्यांसमोर काय येणार? अशा पाट्या वाचण्यात आणि न जुमानण्यात माझं बालपण गेलं होतं.

"मदनविलास पुढे होतो," मी छाती काढून म्हणालो. "ती पाटी उपटतो आणि दरीत भिरकावून देतो!"

सेतुरावांनी डोळे उघडले. पेन्सिल कागदावर थांबली. रमणी उभा राहिला. "अय्यो! पडके सार!"

"काय म्हटलांत?" सेतुराव.

"दरीत! पाटी! असल्या पाट्यांना माझ्याकडे एवढंच उत्तर."

"असल्या... पुष्कळ टाकल्यात?"

"पुण्यात तर रोज एक."

रमणी माझ्यापासून हातभर सरकून बसला. सेतुरावांनी शांतपणे लिहून घेतलं. "पासा टाका. तुमचा जोर तीन. वीसच पडावें लागेल."

माझ्या आयुष्यात मी म्हटलं तेव्हा काहीही पडलेलं नाही. लॉटरी नाही, पाऊस नाही, पदोन्नती नाही. त्या दिवशी वीस पडला. सेतुरावांनी चष्मा पुसला, लावला, पाहिलं, पुन्हा काढून पुसला, पुन्हा पाहिलं.

"वीस," ते हळूच म्हणाले. "गेली."

स्वयंपाकघरातून रुक्माबाईंनी विचारलं, "वड्यांसकट?"

"कसले वडे?" मी म्हणालो.

"ती वडे विकत होती," सेतुराव म्हणाले. "गुहेचें दार उघडण्याचा मंत्र तिजलाच ठाऊक होता. वडा घेतला असतांत तर सांगणार होती."

पाट्टी म्हणजे तमिळमध्ये आजी.

मी हातापाया पडलो. पुण्यातल्या पाट्यांवर व्याख्यान दिलं. पाटीवर पाढे लिहितात, म्हातारीवर नाही, हेही सांगितलं. सेतुराव साक्षीदाराचं ऐकावं तसं सगळं ऐकून घेत होते. अखेर म्हणाले, "तोंडातून गेलें तें झालें." गुहा मिटली ती मिटली. त्यानंतर गावात मदनविलास गेला की सेतुरावांच्या कथेतल्या बायका आपापल्या सासवांना घरात घेऊन कडी लावत. खऱ्या गावात रमणीनं बातमी पसरवली. त्याच्या गादीवर बसलेल्या एक खऱ्या आजी मला पाहून भिंतीकडे सरकल्या.

असे रविवार चालू राहिले. सेतुरावांची एकच इच्छा होती, आणि ती ते कॉफीचा शेवटचा घोट घेताना बोलून दाखवत. "तुम्हां सर्वांस मी जन्म दिले. मज कोण देणार? मीहि एकदां खेळूं म्हणतों."

कारण सूत्रधाराला स्वतःचा जन्म नसतो. कोणी दुसरा सूत्रधार झाला, तरच त्याला खेळता येणार. रमणीला मारामारीपलीकडे कथा सुचत नसे. रुक्माबाई म्हणत, "दिवसभर मीच तुम्हांस चालवितें. संध्याकाळींहि मीच?" राहता राहिलो मी. मी दर वेळी हो म्हणे. पुस्तक घरी नेई, दोन पानं वाची आणि छातीवर ठेवून झोपी जाई. यात चार-पाच वर्षं गेली. वर्षं अशीच जातात. मग माझा बदलीचा हुकूम आला, आणि एकदम एकच रविवार उरला.

"येत्या रविवारी मी सूत्रधार," मी सेतुरावांना सांगितलं. "तुम्ही जन्म ठरवा."

त्यांच्या चेहऱ्यावर जे उजाडलं, ते पाहून मला पुस्तक खरोखर वाचावं लागलं.

पण जन्म ठरेना. इतरांकडे एकदा पाहून 'हा राक्षस, ही अर्धवट' असं ठरवणारा हा माणूस स्वतःपाशी येऊन अडला. सोमवारी ते खाणवाला होते. मंगळवारी कोर्टातून परस्पर माझ्या कचेरीत आले. माझ्या टेबलाशी छत्री टेकवून म्हणाले, "खाणवाला नको. दाढी खाजेल." बुधवारी राक्षस, पण रमणी रागावेल म्हणून तो जन्म गेला. गुरुवारी मी म्हटलं, "गंधर्व व्हा की!"

"नको. तुमच्यामुळें त्या लोकांचें नांव खराब झालें आहे."

शुक्रवारी चिकटवलेल्या पानाच्या कडेशी त्यांची नखं घुटमळताना मी पाहिली. पान त्यांनी उघडलं नाही. शनिवारी रुक्माबाई कुंपणावरून म्हणाल्या, "भाऊ, काल हे जेवले नाहींत. माझ्याशीं लग्नास हो म्हणतांना एवढा विचार नव्हता केला."

रविवारी दुपारी आम्ही तिण्णैवर जमलो. सूत्रधाराच्या चटईवर मी, आणि सेतुराव समोर, खेळाडूंच्या बाजूला. धुतलेलं धोतर, कपाळी ताजं गंध. परीक्षेला बसावं तसे.

"जन्म?" मी विचारलं.

"पाट्टी," सेतुराव म्हणाले.

"पुस्तकात पाट्टी नाही."

"पुस्तक अमेरिकेंत झालें. त्यांजकडे नसेल."

"पण... कुठली पाट्टी?"

"तीच."

"सेतुराव, ती मेली!"

"असें कोण म्हणतें? माझ्या तोंडातून 'मेली' गेलें काय? मी म्हटलें, 'गेली'. गेली होती. आतां येते आहे."

रमणीनं टाळी वाजवली. रुक्माबाई एरवी दारातूनच खेळत, आज प्रथमच त्या चटईवर येऊन बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, "वडे?"

"दोन उरले," सेतुराव म्हणाले.

गुणांची वाटणी त्यांनी आधीच केली होती. जोर तीन, रूप तीन, वाणी बेताची. बाकी सगळी शिदोरी हट्टात.

मी सूत्रधार म्हणून इतका वाईट होतो, की डोंगराला दरी कुठल्या बाजूनं आहे हेच दोनदा चुकलो. एकदा नदी खालून वर वाहिली. सेतुरावांना त्याचं काही नव्हतं. ते दगडामागून दगड चढत होते. धाप लागली की थांबत, "अप्पा रे," म्हणत, दातओठ खात, पुन्हा चढत. कोर्टात तीस वर्षं दुसऱ्यांची वाक्यं टिपणाऱ्या त्या माणसाच्या तोंडून म्हातारी अशी बोलत होती, की रमणीची आई आपल्या घरातून डोकावून पाहून गेली. तासाभरानं पाट्टी कड्यावर पोचली. तिथे मदनविलास पाण्याच्या डबक्यात पाहून भांग पाडत होता. दुसरं काय करणार होता?

"पोरा," पाट्टी म्हणाली, "मी तुजला ओळखतें."

मदनविलास दचकून मागे सरला. मागे दरी. तोल राहतो का ते पाहायला मी प्रामाणिकपणे फासा टाकला. दोन.

"पडके सार पडले!" रमणी नाचला.

पडलो, पण एका मुळाला लोंबकळलो. मूळ तुटू लागलं. सर्वांनी सेतुरावांकडे पाहिलं. इतक्या वर्षांचा हिशेब चुकता करायला आता काही करावंही लागणार नव्हतं. नुसतं बघत उभं राहायचं होतं.

"पाट्टी त्याचें मनगट धरते," सेतुराव म्हणाले.

"वर ओढायला?"

"आधीं वर ओढते. मग कान धरते. मग विचारते, बाळ, वाचतां येतें काय?"

मी पुस्तक पाहिलं. "जोर तीन. वीसच पडायला हवं."

सेतुरावांनी वीस बाजूंचा फासा मुठीत घेतला. हलवला. मग दुसऱ्या हातानं पानाचा डबा जवळ ओढला. फासा त्यात टाकला आणि झाकण लावलं.

"उद्यां टाकूं. स्टेशनवर."

"आत्ताच टाका की, अण्णा," रमणी म्हणाला. "संपवून टाका!"

"तेंच नको," सेतुराव म्हणाले. रुक्माबाई पेले उचलून आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघंही स्टेशनवर आले. रमणीनं कॉफीची पूड आणली होती. "चिकोरी नाही सार, देवाची शपथ." रुक्माबाईंनी डबा दिला. "दोनच वडे आहेत," त्या गंभीरपणे म्हणाल्या. "म्हातारीनें दिले आहेत." मी खिडकीशी बसलो. शिट्टी झाली तेव्हा सेतुराव छत्री काखोटीला मारून पानाच्या डब्याचं झाकण काढत होते. झाकण उलटं धरून त्यात त्यांनी फासा टाकला. फासा पितळेवर खणखणला, उडाला, फलाटाच्या कडेवर टप्पा घेतला आणि गाडीखाली रुळांत गेला.

गाडी हलली.

सेतुराव फलाटाच्या कडेशी वाकले. चाकं फिरू लागली होती. खाली अंधार, खडी आणि वंगण, यांखेरीज काही दिसणं शक्यच नव्हतं. ते ताठ झाले, माझ्याकडे वळले आणि एवढा कोर्टातला माणूस, साऱ्या फलाटानं वळून पाहावं अशा आवाजात ओरडला,

"वीस!"

चष्मा त्यांच्या सदऱ्याच्या खिशात होता. अर्धा बाहेर डोकावत होता, तो मला खिडकीतून स्वच्छ दिसत होता.

मी ओरडून काहीतरी म्हणालो. पाट्टीला नमस्कार सांगा, असं असावं. गाडीनं वेग घेतला. रमणी दोन्ही हात वर करून नाचत होता. सेतुराव पुन्हा वाकून छत्रीच्या टोकानं रुळांत फासा शोधत होते, आणि तोल जाऊ नये म्हणून रुक्माबाईंनी मागून त्यांचं मनगट घट्ट धरून ठेवलं होतं.